तेवीस नंबरचं पहिलं वाचन

सरांच्या घरात तूरडाळ प्लास्टिकच्या पिशवीत असायची आणि स्टीलच्या डब्यात फ्लॉप्या. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हे येईल त्याला सांगायच्या. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, तिथून काकू हौसेने डबे आणायच्या आणि त्यातले घट्ट झाकणाचे सर आधी उचलायचे. झाकण लावून डबा बादलीत दाबून धरायचा आणि बुडबुडे येतात का बघायचं. बुडबुडा आला तर डबा काकूंचा, नाही आला तर संशोधनाचा. काकूंच्या वाट्याला तीन वर्षांत एकही धड डबा आला नाही.

मी त्यांच्याकडे सहायक होते. तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांची, एम.ए. झालेली आणि स्वतःला फार हुशार समजणारी. मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये तळमजल्यावर सरांचं घर होतं, आतली खोली म्हणजे प्रयोगशाळा. खिडकीला काळा कागद, मध्ये टेबल, टेबलावर हनुवटी टेकवायला सुताराकडून करून घेतलेली लाकडी चौकट आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. शेजारच्या गुजराती बेन मला जिन्यात गाठून विचारायच्या, "तुम्हारे सर आंख में देखके मन की बात निकालते हैं क्या?" मी हो म्हणायचे. त्यामुळे त्या सरांसमोर कायम खाली मान घालून जायच्या आणि सरांना वाटायचं, बाई फारच विनयशील आहेत.

मन वगैरे काही नाही. माणूस वाचतो तेव्हा त्याचे डोळे ओळीत कुठे थांबतात, कुठे अडतात, कुठून मागे फिरतात, एवढंच आम्ही मोजायचो. सरांनी चष्म्याच्या फ्रेमवर बारीक दिवे बसवले होते, डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे. बुबुळ हललं की परत येणारा उजेड कमीजास्त व्हायचा आणि कॉम्प्युटर सेकंदाला शंभर आकडे लिहून घ्यायचा. चार ओळींचं वाचन आणि आकडे हजारो. ते सगळे एका फ्लॉपीवर जायचे. त्या जुन्या, मोठ्या, वाकणाऱ्या फ्लॉप्या. डब्यात त्यांच्याबरोबर भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी असायची, दमट हवेसाठी. आजूबाजूला मिठागरं, घरातली भिंतसुद्धा कधी पूर्ण कोरडी नसायची. दर महिन्याला तांदूळ बदलायचा आणि तो कधी बदलला हे वहीत लिहायचं.

ती वही म्हणजे सरांचा जीव. लांबलचक, पुठ्ठ्याची, रकाने आखलेली. तिचे तीन नियम होते. काही खोडायचं नाही. चुकलं असेल तर तसंच ठेवून खाली बरोबर लिहायचं आणि तारीख घालायची. दुसरा, कॉम्प्युटरला हात लावला तर लिहायचं. आणि तिसरा, काही गाळायचं नाही. पापणी लवली की यंत्राला डोळा दिसत नाही आणि आकडा शून्य येतो. बाकीचे लोक ती शून्यं काढून टाकतात. मीही एकदा काढली होती, फ्लॉपीवर जागा वाचावी म्हणून. सर शांतपणे म्हणाले, "तेवढा वेळ तो माणूस कुठे बाहेर गेला होता का? इथेच बसला होता ना? मग असू दे."

यंत्रापलीकडे सर स्वतःही बघत बसायचे, हातात स्टॉपवॉच. वाचणाऱ्याची नजर कागदावरून उडाली, दाराकडे गेली, छताकडे गेली, की वहीत नोंद. रकान्याचं नाव होतं 'नजर हटली', आणि त्यात दोन खण, 'पासून' आणि 'पर्यंत'. ही सवय त्यांना बाहेरही सुटत नसे. आमच्याकडे मला बघायला मुलगा आला होता तेव्हा आईने मोठ्या मानाने सरांना बोलावलं. सर कोपऱ्यात गप्प बसून होते. मंडळी गेल्यावर आईने विचारलं, "काय वाटलं?" सर म्हणाले, "मुलाची नजर मुलीकडे एकूण दोनदा आली. तुमच्या नव्या टीव्हीवर ती बराच वेळ स्थिर होती." आई त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. मी मात्र आजही त्यांची ऋणी आहे.

आणखी एक खोड. एरवी मला 'तू' म्हणायचे, पण यंत्र चालू झालं की सगळ्यांना 'तुम्ही'. काकू चहा घेऊन आल्या तरी, "तुम्ही जरा बाहेर थांबा." आमचे वाचणारे तर साधी माणसं होती. त्या वर्षांत साक्षरतेचे वर्ग जोरात चालले होते. मोरव्यातून बायका यायच्या, तारोडीहून मासे विकणाऱ्या यायच्या, स्टीलच्या कारखान्यात पॉलिश करणारे रत्नागिरी-रायगडकडचे पुरुष यायचे. एकूण चाळीस जण. प्रत्येकाची तीन वाचनं घ्यायची होती. पहिलं नुसती अक्षरं कळायला लागल्यावर, दुसरं सहा महिन्यांनी, तिसरं वर्षाने. जगात वाचणाऱ्यांचे डोळे बऱ्याच लोकांनी मोजलेत, सर सांगायचे, पण मोठं माणूस आपली लिपी शिकतंय आणि डोळे कसे बदलतायत, हे आपल्याकडे कोणी टिपलेलं मला ठाऊक नाही. म्हणून पहिलं वाचन सोन्याचं. दुसरं चुकलं तर पुन्हा घेता येईल, पण वाचायला शिकलेल्या बाईला परत न शिकलेली करता येत नाही.

तेवीस नंबर होत्या तारोडीच्या एक बाई. पन्नाशीच्या, अंगाने दणकट, चष्म्याच्या फ्रेमला अजिबात न घाबरलेल्या. सरांना म्हणाल्या, "माज्या डोल्यांना काय इचारताव? मी हाय ना हितं, मना इचारा." सर म्हणाले, "तुम्ही खोटं सांगाल, डोळे सांगणार नाहीत." त्या खळखळून हसल्या आणि वाचायला बसल्या. चार ओळींना त्यांना अकरा मिनिटं लागली. 'स्वच्छ' या शब्दापाशी अशा काही अडल्या की मला राहवेना, मी हळूच शब्द पुटपुटले. सरांनी यंत्र थांबवलं नाही. नंतर वहीत लिहिलं, 'सहायकाने सुचवले', आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, "बाई आपली आपण तिथे पोचणार होती. तू तिचा तो क्षण खाल्लास. बघणाऱ्याने सुचवायचं नाही, विचारायचं नाही. मरेपर्यंत गप्प बसायचं." मला त्यांचा भयंकर राग आला होता.

आता त्या सोमवारचं सांगते. शहरातल्या ज्या संस्थेने हे काम दिलं होतं तिची समिती यायची होती, चाळीस पहिली वाचनं प्रत्यक्ष बघायला. निष्कर्ष नव्हे, मूळ आकडे. त्यातले एक गृहस्थ आधीच बोलून बसले होते की घरच्या खोलीत असं संशोधन होत नसतं. आकडे दाखवता आले नाहीत तर काम बंद. माझ्या पीएच.डी.च्या नोंदणीचं पत्रही त्याच दिवशी सर त्यांच्या हातात देणार होते.

त्याआधीच्या बुधवारी-गुरुवारी सर पुण्याला गेले. संस्थेने आलेख काढायचा प्रोग्रॅम एका फ्लॉपीवर पाठवला होता, तो आमच्या ड्राइव्हमध्ये काही केल्या चालेना. हे नेहमीचंच होतं, आमच्या ड्राइव्हला बाहेरची फ्लॉपी वाचताच यायची नाही. मी म्हटलं, सर यायच्या आत हे करूनच टाकू, खूश होतील. भाईंदर वेस्टला टीव्ही दुरुस्त करणारा एक रत्नागिरीचा माणूस होता, त्याने कॉम्प्युटरचाही कोर्स केला होता. त्याला बोलावलं. त्याने ड्राइव्ह उघडला, आपली एक फ्लॉपी लावून स्क्रू फिरवत बसला आणि तासाभराने म्हणाला, "मॅडम, हेड जागेवरनं सरकलेलं. आता जागेवर आणलंय. आता कुठलीपण फ्लॉपी लावा, चालणार." संस्थेचा प्रोग्रॅम झटक्यात उघडला. मी त्याला चहा पाजला. वहीत लिहिलं नाही, म्हटलं, सरांना तोंडानेच सांगू.

शुक्रवारी सकाळी सर आले, बॅग दारात टाकली आणि थेट आत. मी सांगणारच होते. त्यांनी एक नंबरची फ्लॉपी घातली. ड्राइव्ह खरखरला आणि पडद्यावर आलं की वाचता येत नाही. दोन नंबर, तेच. तीन नंबरला मला कळलं.

हेड म्हणजे फ्लॉपीवर लिहिणारं-वाचणारं टोक. ते सरकलेलं हेड दोन वर्षं आपल्या सरकलेल्या जागी लिहीत होतं आणि तिथेच वाचत होतं. आमचे सगळे आकडे ठरलेल्या रेघेच्या केसभर बाजूला लिहिलेले होते. आता हेड सरळ झालं होतं आणि सरळ रेघेवर शोधत होतं. जगातली कुठलीही फ्लॉपी आता तो वाचू शकत होता, फक्त आमच्या सोडून.

तेव्हाच सांगायला काय झालं होतं मला? आज विचार करते तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण मी म्हटलं, त्या माणसाला गुपचूप बोलावू, होतं तसं करून घेऊ, सरांना पत्ता लागणार नाही. "शाई आणते" म्हणून बाहेर पडले आणि पीसीओवरून त्याच्या दुकानात फोन लावला. तो सकाळच्या गाडीने गावी गेला होता, सोमवारी येणार होता. मी शाईची बाटली घेऊन परत आले आणि ती टेबलावर ठेवली.

"दमट हवा," सर म्हणत होते. "मी तांदळावर विसंबलो." दुसरी प्रत आमच्या घरी आईच्या कपाटात ठेवलेली होती, पण पहिल्या वीस जणांचीच, पुढच्यांसाठी कोऱ्या फ्लॉप्या संस्थेकडून आल्याच नव्हत्या. सरांनी मला ती आणायला धाडलं. मी गेले, आणली, ती चालणार नाही हे ठाऊक असताना. तीही त्याच ड्राइव्हने लिहिलेली. सर एकेक लावत होते आणि मी शेजारी उभी राहून पुढची हातात देत होते. संध्याकाळी ते म्हणाले, "दोन घरांतल्या हवेने एकदम कशा खराब केल्या असतील?" आणि माझ्याकडे बघितलं. मी डब्याकडे बघत राहिले.

शनिवारी ते भिंग घेऊन बसले. फ्लॉपीच्या खिडकीतून आतली काळी चकती दिसते. तीन फ्लॉप्यांवर त्यांना पांढरे ठिपके सापडले. तेवीस, सत्तावीस आणि एकतीस. "बुरशी," सर म्हणाले. "ही आज धुतली नाही तर आकडे खाऊन टाकेल." वरचं कव्हर कापायचं, चकती साबणाच्या पाण्यात अलगद धुवायची, वाळवून नव्या कव्हरात घालायची, असं त्यांनी कुठे तरी वाचलं होतं. बुरशी खरी होती, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. पण त्यामुळे फ्लॉप्या अडलेल्या नव्हत्या, आणि घाई नसती तर त्यांनी असलं धाडस दहा वेळा विचार करून केलं असतं.

काकूंची कात्री आली, परात आली. पाणी टँकरचं, त्यात गाळ असायचा म्हणून सरांनी ते फडक्यातून तीनदा गाळलं. परात मी धरली होती. तेवीस नंबरची कड कात्रीने उघडली तेव्हा तो आवाज मला ऐकू आला. आता बोल, मी स्वतःला म्हणत होते, आता बोल. चकती पाण्यात गेली. मला त्या बाईंची अकरा मिनिटं दिसत होती. मी परात हलू दिली नाही. मग सत्तावीस. मग एकतीस. तिन्ही चकत्या फडक्यावर वाळत ठेवून त्यांनी एक नंबर उचलली. "हिच्यावर ठिपका नाही, पण सगळ्याच धुवायला हव्यात."

कात्री कव्हराला लागली तेव्हा मी म्हटलं, "सर, थांबा. बुरशीने नाही झालं. ड्राइव्ह मी दुरुस्त करून घेतला."

काकू चहा घेऊन दारात होत्या, तिथेच थांबल्या. सरांनी कात्री खाली ठेवली आणि घड्याळात बघितलं. यंत्र बंद होतं, तरी ते 'तुम्ही' म्हणाले.

"कधी?"

"गुरुवारी."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"काल. तिसऱ्या फ्लॉपीला."

मला वाटलं आता ओरडतील, घालवून देतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "वहीत लिहा. झालं तसंच लिहा," आणि पाठ वळवून कॉम्प्युटरचे स्क्रू काढायला बसले.

मी वही उघडली. सोमवारी ही वही समितीपुढे असणार होती. माझं पत्र, माझं नाव, आणि खाली माझ्याच अक्षरात माझी करणी. मी लिहिलं, 'ड्राइव्हमध्ये तांत्रिक बिघाड. तीन फ्लॉप्या धुतल्या.' आणि सही केली. सरांनी मागे वळून बघितलं नाही.

रविवारचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. सकाळी नऊपासून सर ड्राइव्ह उघडा करून हेडचा स्क्रू किंचित फिरवायचे, मी एक नंबरची फ्लॉपी घालायची, पडद्यावर बघून म्हणायचं, "नाही." पुन्हा किंचित. "नाही." एका बाजूला संपलं की दुसऱ्या बाजूला. किती फिरवलं ते सर प्रत्येक वेळी लिहीत होते. काकूंनी पोळीभाजीचे घास दोघांच्या तोंडात भरवले, कारण हात सोडायचा नव्हता. दुपारी अडीचच्या सुमारास मी "ना" म्हटलं आणि थांबले. पडद्यावर आकडे उतरत होते. मधे एक शून्य, परत आकडे. कोणाची तरी पापणी लवली होती. सर स्क्रूवरचं बोट न हलवता म्हणाले, "पुढची घाल." परत 'तू' म्हणाले होते. मी तिथेच रडायला लागले आणि रडतरडत फ्लॉप्या घालत राहिले.

सदतीस आल्या. तीन आल्या नाहीत. तीनदा गाळलेल्या पाण्यातही बारीक कण राहिले होते, चकत्यांवर गोल ओरखडे उठले होते.

समितीने सदतीस बघितल्या, काम चालू ठेवलं. अहवालात सरांनी लिहिलं, 'तीन जणांची पहिली वाचनं उपलब्ध नाहीत, कारणासाठी नोंदवही पाहावी.' ती वही कोणी उघडलीसुद्धा नाही. माझ्या पत्रावर सरांनी सही केली. पुढे मी डॉक्टर झाले, प्राध्यापक झाले, विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणावर भाषणं देऊ लागले.

तारोडीच्या बाई दुसऱ्या वाचनाला आल्या तेव्हा सरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की तुमचं पहिलं वाचन आमच्याकडून गेलं, माफ करा. बाई म्हणाल्या, "गेला तं गेला. तवा मना कुटं वाचता येत व्हता?" सर म्हणाले, "तेच तर हवं होतं हो." मग त्यांनी डोळे पुसले आणि दिवे लावले. बाईंनी 'स्वच्छ' न अडखळता वाचला. मी त्या वेळी बाहेर जाऊन उभी राहिले होते.

त्या शनिवारचा विषय सरांनी पुन्हा कधीच काढला नाही. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला. "तुझ्या सरांचं सामान घेऊन जा बाई. मला माझे डबे रिकामे करून दे." मी गेले. अकरा डबे निघाले. शेवटच्यात वही होती आणि तिच्याखाली कापलेल्या तीन चकत्या, प्रत्येक वेगळ्या पाकिटात, नंबर घालून. शेजारी तांदळाची पुरचुंडी. मी बोटाने चेपून बघितली, तांदूळ कुरकुरीत होता.

"दर महिन्याला बदलायचे," काकू म्हणाल्या. "अगदी शेवटपर्यंत."

मी ते पान काढलं. माझी ओळ तशीच होती, 'तांत्रिक बिघाड'. त्याच्या मागच्या पानावर, जे मी तेव्हाही आणि नंतरही उलटून बघितलं नव्हतं, सरांचं बारीक अक्षर. 'शुक्रवार. सहायक फ्लॉप्यांकडे पाहते, डब्याकडे पाहते. सकाळपासून ड्राइव्हकडे एकदाही पाहिलेले नाही. काही ठाऊक असावे. विचारावे का? नाही. सुचवू नये.' त्याखाली वेगळ्या शाईत, सोमवारची तारीख घालून, 'विचारायला हवे होते. तेवीस, सत्तावीस, एकतीस वाचली असती. चूक निरीक्षकाची.'

म्हणजे परात धरून मी उभी होते तेव्हा ते माझी वाट बघत होते. मी बोलेन म्हणून. त्यांच्या त्या नियमापायी.

शेवटचा रकाना 'नजर हटली'. 'पासून'च्या खणात त्यांनी लिहिलं होतं, शुक्रवार, अकरा चाळीस. 'पर्यंत'चा खण त्यांनी कोरा ठेवला होता. मी शनिवारी तोंडाने कबूल केलं होतं, तरी कोरा. माझी ओळ त्यांनी वाचली होती तर.

काकूंकडे पेन मागितलं. जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, 'ड्राइव्ह मी दुरुस्त करून घेतला होता. तीन फ्लॉप्या धुतल्या जात असताना मला कारण माहीत होतं आणि मी गप्प राहिले.' मग घड्याळात बघितलं आणि 'पर्यंत'च्या खणात त्या दिवसाची तारीख आणि वेळ लिहिली.